फोलपटं

काइफेंगच्या रात्रबाजारात वीस वर्षं
मी शेंगदाणे विकले.
भाजले, चोळले, सुपात घेऊन फुंकले,
लाल फोलपटं उडून जायची
शेजारच्या नूडल्सवाल्याच्या कढईत.
तो शिव्या द्यायचा, मी हसायचो.
फुंकर मारायला काय लागतं?

आता फुंकत नाही.
कच्चा दाणा कोमट पाण्यात भिजवून
साल अलगद डब्यात पाडतो.
भाजलेल्याची नको, असं वैद्य तान यांनी बजावलंय.
गिऱ्हाईक विचारतं, "मियाओ, आज दाणे उघडेनागडे?"
मी म्हणतो, "उकडतंय त्यांना."

सुहेच्या नडगीवर आधी एकच डाग आला,
जांभळा, जुन्या नाण्याएवढा.
शाळेत पडलीस? नाही.
कुणी मारलं? नाही.
मग पायभर लाल ठिपके,
कुणी ब्रश झटकावा तसे,
आणि एका सकाळी दात घासताना
बेसिनमध्ये...
जाऊ दे.

नऊ हजार, असा कागद आला.
हव्यात दीड लाख.
माझं गणित तराजूपुरतं पक्कं आहे.

वैद्य तान तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवून
इतका वेळ गप्प बसले
की मला वाटलं, डोळा लागला.
मग म्हणाले, "प्लीहा रक्ताला बांधात धरते.
बांध थकलाय."
हे मला लगेच पटलं.
मी पिवळ्या नदीकाठचा माणूस.
आमच्याकडे नदी छपरांपेक्षा उंचावरून वाहते,
गाळाने तळ चढत गेला, माणसं बांध चढवत गेली.
माझे वडील पुराच्या दिवसांत
कंदील घेऊन रात्रभर बांधावरून चालायचे,
उंदराचं बीळ दिसलं की मातीने बुजवायचे.
रक्तातलं मला काही कळत नाही.
पाझर कळतो.

पुडीत निघालं क्रौंचगवत,
मंजिष्ठेची मुळं, वाळकी लाल बोरं,
आणि गाढवाच्या कातड्याचा काळा गोंद
जो तांदळाच्या दारूत हळूहळू विरघळतो,
माझी अर्ध्या महिन्याची कमाई घेऊन.
मातीच्या भांड्यात सगळं रटरटायचं.
सुहे नाक दाबून प्यायची
आणि वाटी उलटी धरून दाखवायची,
दारुडे आजोबा दाखवायचे तशी.

झेंगझोउच्या हॉस्पिटलात डॉक्टर लू
पडद्यावरच्या करड्या ढगावर बोट ठेवून म्हणाली,
"ही प्लीहा. हीच गिळतेय प्लेटलेट.
गोळ्यांनी आवरलं नाही तर काढावी लागेल."
मी बघत राहिलो.
जिला आम्ही बांध म्हणत होतो, तीच?
कुंपणानेच शेत खाल्लं
तर कंदील घेऊन फिरायचं कुठे?

"घरी आणखी काही देता?"
मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला,
चोरीचा माल ठेवावा तसा.
ती हसली नाही.
एकेक नाव लिहून घेतलं,
दोघांपुढे फुली मारली.
"लपवू नका," म्हणाली. "एवढंच."

गोळ्यांनी सुहेचा चेहरा
वाफवलेल्या पावासारखा फुगला.
आरशाला म्हणते, "हिने मला खाल्लं."
एकतीस हजार. मग बावीस. मग सत्तेचाळीस.
गोळीने, सालीने, की नुसत्या दिवसांनी,
कुणी सांगत नाही.
वैद्य तान म्हणतात, बांध धरतोय.
डॉक्टर लू म्हणते, सोमवारी या.
मी दोघांपुढेही मान हलवतो.

काल रात्री गाडा आवरताना
वाऱ्याची झुळूक आली, डबा कलंडला.
घरी आल्यावर झोपलेल्या सुहेच्या पोटरीवर
दिव्याच्या उजेडात दिसला
एक नवा लाल ठिपका.
बोट दाबलं. तसाच.
बराच वेळ श्वास घेतला नाही मी.
मग नखाच्या टोकाने, अगदी हळू,
खरवडून पाहिलं.

निघाला.
फोलपटच होतं.